'सर्वात लोकप्रिय क्लास'चा तक्ता दारावर लावावा का?

वीसमुखी
दर रविवारी नौपाड्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमचं डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) चालतं, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत आपापलं पात्र वठवायचा खेळ. हल्ली नवी मंडळी बरीच येतात, म्हणून गटातल्या एकाने दारावर लावायला रंगीत पाय चार्ट छापून आणलाय: 'सर्वात लोकप्रिय क्लास कोणता?' (क्लास म्हणजे पात्राचा पेशा.) आकडे डी अँड डी बियाँड या साइटवरचे, जिथे खेळाडू आपापली पात्रं बनवतात. पहिला फायटर (लढवय्या), तळाकडे ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा). माझा विरोध आहे, आणि तो नुसता रंगसंगतीला नाही.

मुळात हे मोजलंय काय? साइटवर तयार झालेल्या कॅरेक्टर शीट्स, म्हणजे पात्रांची माहितीपत्रकं. २०१७ साली फाइव्हथर्टीएट या आकडेवारीच्या वेबसाइटने डी अँड डी बियाँडच्याच आकड्यांवरून पात्राचा वंश (ह्युमन, एल्फ वगैरे) आणि क्लास यांच्या जोड्यांचा तक्ता छापला, त्यात ह्युमन फायटर सगळ्यांत वर होता. तेव्हापासून 'लोक फायटरच खेळतात' हे ठरूनच गेलंय. पण शीट बनवणं वेगळं आणि खेळणं वेगळं. मी स्वतः लोकलमध्ये वेळ जात नाही म्हणून पात्रं बनवत बसतो, त्यातली बहुतेक टेबलाचं तोंडही बघत नाहीत. उलट वर्षभर एकच क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा पुजारी) इमानेइतबारे खेळणारी मुलगी त्या मोजणीत एकदाच येते.

दुसरं, खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या मूळ पुस्तकात क्लास बारा. सगळे अगदी सारखे आवडते असते तरी प्रत्येकाच्या वाट्याला ८.३ टक्के आले असते. फायटर आहे साधारण आठातला एक. म्हणजे आठातले सात जण तो घेत नाहीत! पाय चार्टच्या डझनभर फाकांमध्ये हे कुणाला दिसणार? मधल्या पाच-सहा फाकांत मोठी कुठली हे मलाही सांगता आलं नाही.

लावायचाच तर आडव्या पट्ट्या काढा, शून्यापासून सुरू करा, ८.३वर एक उभी रेघ मारा आणि मथळ्यातच 'तयार केलेली पात्रं' असं लिहा. नाहीतर भिंत कोरी बरी.

तलावपाळी_रॉग
तक्ता मीच केलाय, म्हणून बोलतो. नवीन पोरगं दारात येतं, बारा नावं ऐकून त्याचे डोळे फिरतात. 'बाकीचे साधारण काय घेतात' एवढंच त्याला हवं असतं. तुम्ही तिथे प्रबंध चिकटवणार, तो वाचणार कोण?

आणि शीट बनवून सोडून देण्याचं म्हणाल तर ते सगळ्याच क्लासचं होत असणार. फायटरच्याच शीट्स जास्त वाया जातात आणि ड्रुइडच्या नाही, याला आधार काय? सगळे आकडे सारखेच फुगले असतील तर क्रम तोच राहतो. पट्ट्यांचं मान्य, करतो. मथळा बदलणार नाही.

ऐरोली_नाइटशिफ्ट
'सारखेच फुगले असतील', इथेच तर गोम आहे. दिवसभर डॅशबोर्ड बनवणं हेच माझं काम, त्यामुळे राहवत नाही. २०१४च्या नियमांत साइटच्या फुकट खात्यावर प्रत्येक क्लासचा एकेकच सबक्लास (उपशाखा) मिळायचा: फायटरला चॅम्पियन, क्लेरिकला लाइफ डोमेन. मग सबक्लासचा तक्ता काढलात तर चॅम्पियन वर येणारच. ती आवड नव्हे, तो खिसा मोजला. आर्टिफिसर हा तेरावा क्लास तर २०१९च्या एबेरॉनच्या पुस्तकात आला, तेही विकतचं. त्याची पट्टी आखूड दिसली म्हणून तो नावडता?

जुना_डीएम
धागा वाचून गंमत वाटली. १९७४ला खेळ निघाला तेव्हा क्लास तीनच: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूझर, क्लेरिक. १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीत पॅलाडिन (धर्मयोद्धा) आला, पण अट अशी की पात्राचा करिष्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप पाडण्याचा गुण) किमान १७ हवा. तो आकडा ठरवायला सहामुखी तीन फासे टाकायचे. २१६ शक्यतांपैकी १७ किंवा १८ येणाऱ्या फक्त चार. म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत. त्या काळी कुणी तक्ता केला असता तर पॅलाडिन तळाला दिसला असता आणि लोक म्हणाले असते, 'कुणाला आवडतच नाही'. इच्छा असून काय करता, फासेच देत नव्हते!

तलावपाळी_रॉग
काका, आता ती अट राहिलेली नाही. आज ज्याला जे हवं ते तो घेतो. त्यामुळे आजचा आकडा म्हणजे आवडच.

खवचट_काकू
आवडच ना? मग २०२३ला बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम आला, नियम याच पाचव्या आवृत्तीवर बेतलेले. तिथे पॅलाडिन पहिला. जगाची आवडच बदलली म्हणायची का? अहो, त्या गेममध्ये साथीदार आयते मिळतात. लेझेल फायटर, शॅडोहार्ट क्लेरिक, गेल विझर्ड, अ‍ॅस्टेरियन रॉग (चोरटा). म्हणजे ही चारही कामं आधीच वाटलेली. शिवाय बहुतेक वेळा लोकांशी बोलायचं तुमच्याच पात्राला, मग करिष्मावालं पात्र सोयीचं पडणार. माणूस तोच, फक्त ताटात आधीच काय वाढलंय ते वेगळं.

नेरूळची_क्लेरिक
काकूंना +१. आणि हे कॉम्प्युटरपुरतं नाही, टेबलावर तर याहून वाईट. मी क्लेरिक का आहे माहितीये? नेरूळहून ट्रान्स-हार्बर पकडून, ठाण्याला उतरून, पूल चढून हॉलवर पोचेपर्यंत बाकी चौघांनी आपापलं घेतलेलं असतं. मग ठरलेलं वाक्य येतं: 'हील करायला कुणीच नाही गं, घेशील का?' पाच जणांच्या टेबलावर पाचवी निवड ही निवड नसतेच. पहिल्याने बार्बेरियन घेतला की दुसरा बार्बेरियन घेत नाही, एकाने विझर्ड घेतला की दुसरा वॉरलॉककडे वळतो. तुमच्या तक्त्यात आम्ही सगळे सुटे सुटे मोजलेले, जणू एकेकाला बंद खोलीत नेऊन विचारलंय.

मला विचाराल तर दोन रकाने करा. टेबलावर सगळ्यांत आधी ज्याने निवडलं त्याने काय घेतलं, आणि शेवटच्याच्या गळ्यात काय पडलं. क्लेरिकची खरी लोकप्रियता तिथे कळेल. (मला आता क्लेरिक आवडते, तो भाग निराळा. पण हे आधी कुणी विचारलं नव्हतं.)

वीसमुखी
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि हा मुद्दा माझ्या दोन्ही मुद्द्यांपेक्षा भारी आहे. साइटला निवडीचा क्रम कळणं शक्य नाही, आपल्याला मात्र सहज कळेल. मग आपल्याच गटाची मोजणी का करू नये?

ऐरोली_नाइटशिफ्ट
करा, पण टक्के लिहू नका. समजा चाळीस जण आहेत. बारा क्लासमध्ये वाटले तर एकेकाला तीन-साडेतीन. एखाद्याला पाच आले आणि दुसऱ्याला दोन, तर तो नुसता योगायोगही असू शकतो. चाळिसातले पाच म्हणजे साडेबारा टक्के, आणि एवढ्या लहान नमुन्यात दोन्ही बाजूंना जवळपास दहा टक्क्यांची चूक धरावी लागते. म्हणजे अडीच टक्केही खरे असू शकतात आणि बावीसही. सरळ माणसं मोजा: 'रॉग, पाच जण'.

तलावपाळी_रॉग
म्हणजे जगाचा आकडा लावायचा नाही कारण तो शीट्सचा, आणि आपला लावायचा नाही कारण तो लहान. अशाने भिंतीवर फक्त 'चपला बाहेर काढा' एवढंच लावता येईल.

खवचट_काकू
तेही कुणी वाचत नाही.

तलावपाळी_रॉग
हसून हसून पुरेवाट. बरं, ऐका. पाय चार्ट रद्द, पट्ट्या आणि ती ८.३ची रेघ टाकतो. मथळा माझाच राहणार, कारण थांबून वाचायला तोच लावतो. खाली दोन ओळी वीसमुखींनी लिहाव्यात, तिसरी ओळ आली तर कात्री. नेरूळवाल्यांचे दोन रकाने वेगळ्या कागदावर, माणसं मोजून. फक्त मल्टिक्लासवाले (एकाच पात्रात दोन क्लास घेणारे) कुठे धरायचे ते सांगा. पाच लेव्हल (पायऱ्या) फायटर आणि दोन वॉरलॉक, हा कुणाच्या पट्टीत?

वीसमुखी
ज्याच्या लेव्हल जास्त त्याच्या. फायटर.

ऐरोली_नाइटशिफ्ट
आणि तीन-तीन असतील तर? शिवाय वॉरलॉकच्या त्या दोन लेव्हल किती जणांनी घेतल्यात ते बघा आधी. सगळे फायटर नाहीतर पॅलाडिनमध्ये गेले, की वॉरलॉक कागदावर दिसणारच नाही.