कढीपत्ता पावसाळ्यात हिरवागार, दिवाळीनंतर पिवळा. खत कमी पडतंय का?

गच्चीवाली, वडगाव बुद्रुक
नमस्कार मंडळी. माझा कढीपत्ता चार वर्षांचा, पंधरा इंची कुंडीत. दिवाळीनंतर जी पालवी फुटते ती पिवळीधमक, शिरा तेवढ्या हिरव्या, कुणी पेनाने रेघा ओढल्यासारख्या. खालची जुनी पानं ठणठणीत. गंमत म्हणजे जुलै-ऑगस्टात हेच झाड बघत राहावं असं होतं.
खायला काही कमी नाही हो. घरचं कंपोस्ट, महिन्याला मूठभर निंबोळी पेंड, अंड्याची टरफलं मिक्सरमधून काढून, शिवाय सासूबाई गावाहून चुलीची राख आणतात ती. पाणी सोसायटीच्या बोअरचं. कागदी पट्टीवर मातीचा पीएच (आंबटपणाचं माप, 7 च्या वर म्हणजे आंबटाच्या उलट) 8 च्या आसपास दिसला. नर्सरीवाला म्हणतो युरिया टाका. रासायनिक नकोय मला. शेणखत वाढवू का?

जुना कोथरूडकर
ताई, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. पावसाळ्यात झाड आकाशाचं पाणी पितं, दिवाळीनंतर बोअरचं, चुन्याचं. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरलीये का बघा.
नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळत नाहीये. मॅग्नेशियम कमी असतं तर सुरुवात जुन्या पानांपासून झाली असती. नत्राचंही तसंच, म्हणून युरियाचा इथे संबंध नाही. आपली माती काळ्या पाषाणाची, लोह रग्गड. पण पीएच साडेसातच्या वर गेला की ते मुळांच्या कामाचं राहत नाही. ताटात वाढलेलं आहे, घशाखाली उतरत नाही. त्यात तुम्ही राख घालताय! राखेत पोटॅश असतं हे खरं, पण गुण चुन्याचा, पीएच आणखी वर नेणारा. टरफलं तर निव्वळ चुनाच. दोन्ही आजपासून बंद. (सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्ही बघा.)
चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन वर व्हिनेगर ओता. फसफसली तर कळवा.

कुंडीतला शेतकरी, वाघोली
आमच्याकडे पण टँकर-बोअरच. आंबट ताकात गंजके खिळे चार दिवस ठेवून, दहापट पाणी घालून देतो. मोगऱ्याला फरक पडला.

गच्चीवाली
काका, फसफसली! सोड्यासारखी. खपली पण आहे, नखाने निघते. मला वाटायचं मीठ आहे.

जुना कोथरूडकर
मग मातीत मोकळा चुना आहे. अशा मातीत ताक घातलं तर चुना ते आंबटपण लगेच गिळून टाकतो. वाघोलीकरांच्या मोगऱ्याला फरक पडला असेल, नाही म्हणत नाही, पण मुंग्या सांभाळा.
गंधकाची भुकटी आणा. सेंद्रियवालेही वापरतात. तुमच्या कुंडीला सपाट चहाचा चमचा, वरच्या दोन इंचांत मिसळून. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्यांना ऊब आणि ओल लागते. दोन-तीन महिने धीर धरा, भसाभस टाकू नका. मोकळा चुना खूप असला तर गंधकही पुरत नाही. तेव्हा जूनमध्ये कुंडी बदला आणि नव्या मातीत निम्मं पानांचं खत घाला.
तोवर हिराकस (फेरस सल्फेट, यातून लोह मिळतं) 5 ग्रॅम, लिटरभर पाणी, अर्धं लिंबू, संध्याकाळी पानांवर फवारा. आधी एकाच फांदीवर, पानं भाजतात कधी कधी. स्वयंपाकात घालताना पानं धुऊन घ्या.
आणि पावसाचं पाणी साठवायला गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप ठेवा.

गच्चीवाली
पिंप आहे, त्यात सध्या सासूबाईंची राख आहे.