फ्लाइटगिअर : त्रिमितीय ढग आणि फ्रेम रेट

प्रश्न : फ्लाइटगिअर या विमान उड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोवर दाट ढगांत विमान शिरताच फ्रेम रेट (दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांची संख्या) निम्म्यावर येतो. त्रिमितीय ढग बंद न करता तो वाढवता येईल का?

उत्तर १ : हे ढग म्हणजे एकावर एक रचलेली अर्धपारदर्शक चित्रे असतात. ढग जवळ आला की ती पडदाभर पसरतात आणि ग्राफिक्स कार्डाला तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो. म्हणून आधी विंडो लहान करून पाहा. फ्रेम रेट लगेच वाढला, तर ताण कार्डावरच आहे असे समजून रिझोल्यूशन कमी करावे.

उत्तर २ : रेंडरिंगच्या (दृश्य रेखाटण्याच्या) पर्यायांतून ढग दिसण्याचे अंतरही घटवावे. दूरचे ढग तसेही धूसरच दिसतात.

उत्तर १ : मात्र ढगाच्या पोटात शिरल्यावर अंतराचा फारसा उपयोग होत नाही, तिथे ढगांची घनताच कमी करावी लागते, आकाशाची शोभा थोडी उणावली तरी.