डॅशकॅम फोर-के की टू-के, आधी बॅटरी बघा

डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेवर लावून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, फोर-केच घ्या, त्यात नंबरप्लेट स्पष्ट वाचता येते, असं वर कुणीतरी म्हटलंय; ते दिवसापुरतं मान्य. पण टू-के म्हणजे १४४०पीच्या मानाने फोर-केमध्ये पिक्सेल (चित्रातले ठिपके) सव्वादोन पट, म्हणजे प्रोसेसरला काम जास्त आणि कॅमेऱ्याची डबी आतूनही तापते. आमच्या चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर, त्यात काचा बंद करून उन्हात उभी गाडी. डॅशबोर्डला हात लावून बघा एकदा! अशा गाडीत लिथियम बॅटरीचा कॅमेरा नकोच, बॅटरी फुगते. सुपरकपॅसिटरवाला (बॅटरीऐवजी थोडीशी वीज साठवणारा भाग असलेला) घ्या. तो गाडी बंद झाल्यावर जेमतेम काही सेकंद तग धरतो, पण शेवटची फाइल नीट सेव्ह व्हायला तेवढं पुरतं. पार्किंग मोड (गाडी बंद करून उभी असतानाही रेकॉर्डिंग) हवा असेल तर मात्र वायर फ्यूजबॉक्समधून घ्यावी लागेल, आणि उन्हाळ्यात दुपारी तो बंदच ठेवलेला बरा.

फुटेज ज्यात साठतं त्या मेमरी कार्डाबद्दल इथे कुणीच लिहिलं नाहीये. साधं मोबाइलचं कार्ड सततच्या ओव्हरराइटने (जुनं पुसून त्यावर नवं रेकॉर्ड होण्याने) लवकर बाद होतं, आणि कळतं ते नेमकं फुटेज लागतं तेव्हा. 'हाय एन्ड्युरन्स' (सततच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं) लिहिलेलं घ्या, दोन-चारशे रुपये जास्त गेले तरी.