दीर्घ सागरी प्रवासासाठी शिडाची नौका: ३६ फुटी जुनी की ४२ फुटी नवी?

गोदाकाठ
नमस्कार. मी नाशिकचा. सातपूरला तीस वर्षे यंत्रकामाचा छोटा कारखाना चालवला. तो आता मुलाकडे सोपवला आहे. गेल्या काही हिवाळ्यांत मित्राच्या नौकेवर मुंबई ते गोवा असा प्रवास दोनदा केला आणि आता पत्नीने व मी, दोघांनीच महासागरात पाच-सहा वर्षे फिरायचे ठरवले आहे. मलेशियातील लंगकावीला दोन नौका विक्रीस आहेत. एक ३६ फुटी, १९८४ साली बांधलेली, लांब कीलची (कील म्हणजे नौकेचा तोल राखणारा तळाखालचा जड भाग) आणि जाड फायबरग्लासची; दुसरी ४२ फुटी, २००६ ची, बोल्टांनी जोडलेल्या आखूड कीलची. किंमत जवळजवळ सारखीच आहे. दुसरीत दोन स्वतंत्र खोल्या, ऐसपैस स्नानगृह आणि मोठे स्वयंपाकघर असल्यामुळे पत्नीचा ओढा तिकडे आहे. दोन्हींच्या जाहिरातींत ‘महासागरासाठी योग्य’ असे लिहिले आहे. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

मतलई
त्या दोन शब्दांवर विसंबू नका. युरोपीय वर्गवारीतील ‘ए’ वर्गाचा अर्थ इतकाच, की वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट श्रेणीत ८ पेक्षा जोराचा वारा आणि चार मीटरपेक्षा उंच लाटा गृहीत धरून नौका आखलेली आहे. पुढच्या वीस वर्षांत तिचा तळ किती वेळा खडकाला लागला, हे तो वर्ग सांगत नाही. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही सुमारे ४० फुटी नौका उत्तर अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि तिच्यावरील चारही जण गेले. तळ आधी आपटल्यामुळे आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे कीलजवळचा सांगाडा कमकुवत झाला असण्याची शक्यता चौकशी अहवालाने नोंदवली. लांब कील कवचाचाच भाग असेल, तर ही भीती उरत नाही. भारतीय नाविक अभिलाष टॉमी यांनी एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला, तोही लांब कीलच्या ३६ फुटी नौकेवर. मी डोळे मिटून पहिली घेईन.

डोलकाठी
डोळे मिटून मात्र कोणतीच घेऊ नका. मीही नाशिकचाच, माझी ३८ फुटी नौका अशीच जुनी आणि भक्कम म्हणून घेतली होती. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना बांधतात, त्या चेनप्लेट तपासनिसाने अहवालात ‘चांगल्या स्थितीत’ म्हणून नोंदवल्या होत्या. दुसऱ्या वर्षी अंदमान समुद्रात, फारसा वारा नसताना, पहाटे बंदुकीसारखा आवाज झाला आणि वाऱ्याकडच्या बाजूची एक तार सैल होऊन लोंबू लागली. पत्नीने क्षणात सुकाणू फिरवून वारा दुसऱ्या बाजूला घेतला, म्हणून डोलकाठी वाचली.

तुटलेली पट्टी मी हातात घेऊन पाहिली. बाहेरचा भाग आरशासारखा चकचकीत होता. डेकच्या जाडीत दडलेल्या दोन बोटे भागावर तपकिरी कडे होते. तुटलेल्या तोंडाचा तीन चतुर्थांश भाग जुना, काळपट आणि उरलेला तेवढा ताजा, चंदेरी होता. म्हणजे ती पट्टी कित्येक महिने पाव ताकदीवर उभी होती. स्टेनलेस पोलादावरचा संरक्षक थर टिकायला ऑक्सिजन लागतो आणि फटीत साचलेल्या खाऱ्या पाण्यात तो मिळत नाही, त्यामुळे गंज नेमका न दिसणाऱ्या जागी लागतो. उरलेल्या सात पट्ट्या मी बॅगेत घालून नाशिकला आणल्या आणि अंबडमधल्या एका कारखान्यात डाय पेनेट्रंट, म्हणजे बारीक भेगांत शिरून त्या दाखवणारा लाल रंग, लावून पाहिल्या. तिघींवर लाल रेषा उमटल्या. ही चाचणी तुम्ही आयुष्यभर केली असेल; तीच तिथे करा. पट्ट्या काढू द्यायला विक्रेता तयार नसेल, तर नव्या पट्ट्यांचा आणि नव्या तारांचा खर्च किमतीतून वजा करून बोला. तारांना दहा वर्षे झाली, की अनेक विमा कंपन्याही त्या बदलायला सांगतात. खरेदीच्या रकमेच्या निदान एक तृतीयांश पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा आणि पुढे दरवर्षी नौकेच्या किमतीच्या दहा टक्के खर्च धरून चाला. माझा त्याहून कमी कधी झाला नाही.

निळीवाट
मतलईंच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. त्या शर्यतीत ३२ ते ३६ फूट लांबी, लांब कील आणि १९८८ पूर्वीचा आराखडा ही नियमांचीच अट आहे. तेव्हा तिथे लांब कील पुढे आली यावरून आखूड कील मागे पडते असे सिद्ध होत नाही. बंदरात उलट जाताना लांब कीलची नौका ऐकत नाही, हेही दोघांनाच नौका धक्क्याला लावायची असताना लहान गैरसोयीचे नाही.

वहिनींचा ओढा मात्र गांभीर्याने घ्या, कारण दोघांपैकी एकाचे मन उडाले की प्रवास तिथेच संपतो. मी पतीसोबत चार वर्षे नौकेवर राहिले. बहुतेक दिवस नांगर टाकूनच जातात आणि तेव्हा मोठे घर सुखाचे वाटते. भर समुद्रात गोष्ट उलटी होते. पुढच्या खोलीतला पलंग लाटेबरोबर उसळतो, म्हणून झोप नौकेच्या मध्यावरच्या अरुंद बाकावर, कडेला कापडी पडदा बांधून घ्यावी लागते. मोठ्या स्वयंपाकघरात टेकायला जागा नसते. अरुंद ओट्यात कंबर अडकवून मी वीस अंशांच्या कलावर रोज वरण-भात शिजवला. ताशी सरासरी पाच सागरी मैल धरले, तर हजार मैलांना आठ-नऊ दिवस लागतात आणि तेवढे दिवस दोघांपैकी एकच जण झोपलेला असतो. वहिनींना दोन्ही नौकांवर एक रात्र बाहेर समुद्रात घेऊन जा आणि स्वयंपाकघराचे माप त्यांना तिथेच घेऊ द्या.

गोदाकाठ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पत्नीने आपला सगळा मजकूर दोनदा वाचला आणि बाकावर झोपण्याविषयी निळीवाट ताईंना पुष्कळ विचारायचे आहे, असे ती म्हणते. ४२ फुटीच्या विक्रेत्याला तळ आपटल्याच्या नोंदी आणि कीलच्या बोल्टांची माहिती मागितली आहे. ३६ फुटीच्या मालकाने दोन चेनप्लेट काढून पाहायला होकार दिला आहे, म्हणून डिसेंबरात आम्ही दोघे आधी तिच्याकडे जात आहोत. डाय पेनेट्रंट विमानात नेता येणार नाही, त्यामुळे ते लंगकावीतच मिळेल का, याची चौकशी आजपासून सुरू केली आहे.