आवारात सिगारेटबंदी: तुमच्या कॅम्पसवर काय घडतं ते लिहा

आमच्या कॉलेजानं 'धूम्रपानमुक्त आवार' असा प्रस्ताव काढलाय आणि आजी-माजी विद्यार्थी, कर्मचारी अशा सगळ्यांकडून सूचना मागवल्यात. सापडला की दंड, ओळखपत्र जप्त, पुन्हा सापडला तर घरी पत्र. बंदी तशी नवी नाहीच. कायदा 2003 चा, सार्वजनिक ठिकाणचे कडक नियम 2 ऑक्टोबर 2008 पासूनचे, दंड 200 रुपयांपर्यंत, आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही. गेटवर तसा बोर्ड आहे, बोर्डाखालीच पिचकाऱ्या आहेत. तेव्हा 'सिगारेट वाईट' हे कुणी नव्यानं सांगू नये. कोल्हापुरात शिकलात, शिकवलंत, हॉस्टेलला राहिलात, तर डोळ्यांनी बघितलेलं लिहा. कॉलेजचं नाव नको.

हॉस्टेलकर, गाव चंदगडकडचं

आमच्यात सिगारेट खोलीत कुणी ओढत नाही, वास राहतो. टेरेसवर जायचं. रेक्टरनी टेरेसला कुलूप लावलं तर पोरं जिन्यात आली. जिन्यातनं हाकललं तर बाथरूममध्ये. आता सकाळी अंघोळीला गेलं की आधी धूर घ्यायचा, मग पाणी. मी ओढत नाही, पण टेरेस उघडा होता तेच बरं होतं की भावा! मागच्या भिंतीपलीकडं टपरी आहे. खांबाला लायटर दोरीनं टांगलेला, दोरी बरोबर माणसाच्या तोंडापर्यंत येते. सुट्टी सिगारेट विकायला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे म्हणे. अख्खं पाकीट घेताना मी तिथं कुणाला बघितलेलं नाही.

एम.ए. करते, राजारामपुरीत राहते

'घरी पत्र' यावर लिहायचंय. माझी मैत्रीण ओढायची. वर्गातले निम्मे मुलगे टपरीवर उभं राहून ओढतात, त्यांना कुणी वळून बघत नाही. ही पार्किंगच्या मागं दोन गाड्यांच्या मध्ये, स्कार्फ तोंडावर धरून. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो कुठून कुठं फिरला माहीत नाही, पण शनिवारी तिचा मामा गाडी घेऊन हजर. कॉलेज बंद, बी.एड.चा फॉर्म रद्द, आणि पुढच्याच महिन्यात 'बघायला' पाहुणे. ज्यानं फोटो काढला तो स्वतः मावा खातो, हे वेगळं सांगायला नकोच.

मला स्वतःला दमा आहे. लायब्ररीच्या जिन्यात धूर असला की मी पंप काढते. म्हणजे बंदी मलाच सगळ्यात आधी हवीय. पण मुलाच्या घरी पत्र गेलं तर बाप चार शिव्या देईल आणि विषय संपेल. मुलीच्या घरी तेच पत्र गेलं तर तिचं शिक्षण संपतं. दंड घ्या, दुप्पट घ्या, पत्र नको.

शिकवतो, नोकरी टिकवायची आहे म्हणून एवढंच

नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, समिती यायची होती तेव्हा आमच्याकडं आठवडाभर भिंती रंगत होत्या. जिन्याच्या कोपऱ्यांत देवांच्या टाइल्स बसवल्या. साईबाबा, गणपती, मक्का, क्रॉस, सगळे धर्म एका ओळीत. उपाय चालला, टाइल्सवर कुणी थुंकत नाही. दीड फूट बाजूला थुंकतात. आणि स्टाफरूमच्या खिडकीबाहेरची कुंडी विद्यार्थ्यांनी लाल केलेली नाही, एवढं नमूद करतो.

धागा काढणारा

सर, हेच विचारायचं होतं. प्रस्तावात शब्द फक्त 'धूम्रपान' आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचं काही ना काही सेवन करणारे निघाले. त्यात ओढणारे 3.8 टक्के आणि बिनधुराची तंबाखू घेणारे 24.4 टक्के, काही जण दोन्ही घेणारे. म्हणजे आपल्याकडं बहुतेकांच्या तोंडात पुडी आहे, मशेरी आहे, मावा आहे, आणि कमिटी बसलीय धुरावर. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी आहे. रिकाम्या पुड्या बघायच्या असतील तर आमच्या जिमखान्यामागं या.

टपरीवाल्याची पोरगी, आता सी.ए. करतेय

आमची टपरी एका कॉलेजच्या गेटसमोर होती. एकदा टेप घेऊन माणसं आली. शंभर यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर, आम्ही त्याच्या आत. बाबांनी सिगारेट बंद करून चहा आणि वडा ठेवला. गल्ल्याचा हिशोब तेव्हा मीच लिहायचे म्हणून सांगते, सिगारेटवर सुटतं फार थोडं. पण सिगारेटवाला थांबतो, चहा घेतो, मित्राला पाजतो, उधारी का होईना पण रोज येतो. ते गिऱ्हाईक चालत पुढच्या टपरीवर गेलं आणि चहाही तिकडंच प्यायला लागलं. बाबांनी मग जागा बदलली. त्या गेटसमोर आता दुसरा बसतो. तो काय काय ठेवतो ते ओळखा.

निपाणीकडचा

माझी आजी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. घरी आली की लुगड्यातून खकाणा उडायचा, आम्ही पोरं शिंकत बाहेर पळायचो. तिला आयुष्यभर खोकला. 1981 च्या तंबाखू आंदोलनात हायवेवर शेतकरी बसले, गोळीबार झाला, माणसं गेली, त्या आठवणी घरात अजून निघतात. माझी पहिल्या दोन वर्षांची फी तंबाखूच्या पैशातूनच भरली. इथं आलो तर भिंतीवर कर्करोग झालेल्या जबड्याचं पोस्टर. बरोबर आहे पोस्टर. पण वर्गात 'तंबाखू पिकवणारे गुन्हेगार' असं कुणी बोललं की माझ्या मस्तकात जातं. आजीनं कधी तोंडात चिमूट धरली नाही.

तालमीतला

आमच्या वस्तादांनी बोर्ड लावलेला नाही. विडीचा वास आला तर त्या दिवशी मातीत उतरायचं नाही, कडेला बसून दुसऱ्यांची कुस्ती बघायची. बस्स. लै लागतं ते जिवाला. भरतीच्या पोरांचंही तसंच, 1600 मीटरला दम तुटला की आपोआप कमी करतात, कुणी सांगावं लागत नाही. ज्याला सोडायची आहे त्यानं 1800-11-2356 ला फोन लावावा, फुकट आहे. माझा मित्र वैतागून लावत होता, पलीकडनं बोलणाऱ्यानं नुसतं 'सोड' न म्हणता 'दिवसातली पहिली कधी लागते' हे विचारलं. त्यानं सकाळची चहाबरोबरची आधी बंद केली. बाकीच्या चालू आहेत अजून, खोटं कशाला बोलू.

वडील एका कॉलेजात सिक्युरिटीला आहेत

बाबा ठेकेदाराकडं आहेत, कॉलेजचे कर्मचारी नाहीत. पकडायचं काम त्यांच्यावरच येणार. पोराला हटकलं तर संध्याकाळी गेटबाहेर चार जण 'काय काका' करत उभे राहतात. मागं एकदा त्यांनी एका गाडीला थांबवलं, आत धूर होता, काच खाली आली तर मोठे साहेब. बाबांनी सलाम ठोकला आणि गेट उघडलं. तुमच्या सूचनांत एवढं घाला: पावतीपुस्तक वॉचमनकडं देऊ नका, आणि साहेबांची पावती कुणी फाडायची तेही आधीच लिहून ठेवा.