अप्रेमिलास्ट २० दोनदा दिलं की भागतं, हे मोजलं कोणी?

बर्डीचा फार्मासिस्ट
काल इथे एकाने लिहिलं की सोरायसिसला (त्वचेवर खवल्यांचे चट्टे येतात तो आजार) अप्रेमिलास्टची ३० मिग्रॅची गोळी दिवसातून दोन वेळा देणं म्हणजे गोऱ्यांच्या वजनाचा डोस आपल्या माथी मारणं. आपल्याकडे २० दोन वेळा दिलं तरी तेवढाच गुण येतो आणि जुलाबही टळतात. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाचून रोगी उद्या परस्पर डोस उतरवणार, म्हणून सविस्तर लिहितो.

हे आधीच मोजून झालं आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी, ३५२ रुग्ण, चार गट, १६ आठवडे. पासी म्हणजे चट्ट्यांची लाली, जाडी, खवले आणि पसारा मोजणारा आकडा. तो ७५ टक्क्यांनी उतरलेले रुग्ण असे: डमी गोळीवर ६ टक्के, १० दोनदा ११, २० दोनदा २९, ३० दोनदा ४१. आलेख ३० पर्यंत चढताच आहे. ड्युक्राव्हासिटिनिब या सोरायसिसच्याच दुसऱ्या गोळीचं उलट. ३ मिग्रॅ एक दिवसाआड ९ टक्के, रोज एकदा ३९, दोनदा ६९, आणि ६ दोनदा केलं तरी ६७. तिथे वर सपाटी दिसते, म्हणून डोस थांबवण्याला आधार आहे. अप्रेमिलास्टला तो नाही.

आणि जुलाब बहुतेक वेळा पायऱ्या गाळल्यामुळे वाढतात. पहिल्या दिवशी फक्त सकाळी १०, दुसऱ्या दिवशी १०-१०, मग १०-२०, २०-२०, २०-३० आणि सहाव्या दिवसापासून ३०-३०. स्टार्टर पॅक महाग पडतो म्हणून थेट ३० ची स्ट्रिप नेली की चौथ्या दिवशी औषध बंद. काही जण ३० ची गोळी ब्लेडने अर्धी करतात. ती फिल्म कोटेड असते, मधे खाच नसते, तुकडे सारखे पडत नाहीत. १० आणि २० च्या गोळ्या मिळतात, त्याच घ्या.

धंतोली ओपीडी
आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा. एकेका गटात ८७ ते ८९ रुग्ण. २९ आणि ४१ मधल्या १२ टक्क्यांची ९५ टक्के खात्रीची मर्यादा साधारण उणे २ ते अधिक २६ येते. म्हणजे फरक शून्यही असू शकतो.

आणि भाऊ, काउंटरवरून ओपीडी दिसत नाही. गडचिरोली, बालाघाटहून येणारा माणूस मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, एसटीत सहा तास जुलाब घेऊन बसणार का? तो औषध सोडतो आणि परत येत नाही. नियमित घेतलेलं २० हे कपाटात पडलेल्या ३० पेक्षा चांगलंच. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर कंपनीच्या पत्रकातच ३० दिवसातून एकदाच सांगितलं आहे. डोस म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही.

बर्डीचा फार्मासिस्ट
शून्य असू शकतो तसा २६ सुद्धा असू शकतो. सोयीचं टोक तेवढं काऊन उचलून राहिले? मूत्रपिंड अधू असलेल्याच्या रक्तात औषध जास्त साचतं म्हणून तिथे कमी. धडधाकट माणसाला तो नियम लागत नाही. उलट क्षयाची रिफॅम्पिसिन चालू असेल तर ३० सुद्धा अपुरं पडतं.

आकडेमोड
दोघंही एकाच अपुऱ्या चाचणीवर भांडून राहिले. २० कमी पडत नाही हे सिद्ध करायचं तर ४० टक्के गुण आणि १० टक्क्यांपर्यंत कमी चालेल अशी सूट धरून एका गटात साधारण ३७७ रुग्ण लागतात. २० टक्के मधेच गळतील असं धरलं तर ४७२. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालयं मिळूनही हे एका वर्षात होणारं काम नाही, पण अशक्यही नाही.

तुलनेचा गट मात्र हवाच. जानेवारीत गोळी सुरू केली आणि एप्रिलअखेर पाहिलं तर नागपूरच्या उन्हानेच कित्येकांचे चट्टे उतरलेले असतात. श्रेय २० ला जातं. पासी मोजण्यातही गोची आहे. सावळ्या त्वचेवर लाली जांभळट-तपकिरी दिसते, ती कमी धरली जाते. आणि चट्टा सपाट झाल्यावर उरलेला काळा डाग जास्त धरला जातो. बोट फिरवून जाडी बघा. सकाळी खोबरेल चोपडून आलेल्याचे पापुद्रे दबलेले असतात, त्या दिवशी खवले मोजूच नका.

इतवारी होलसेल
अप्रेमिलास्टवर एवढा खल, पण जीव जातो तो सोरायसिसच्याच जुन्या गोळीने, मेथोट्रेक्सेटने! ती आठवड्यातून एकदा घ्यायची. तिचा त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ दुसऱ्या दिवशी. दोन्ही गोळ्या पिवळ्या आणि लहान, म्हणून अदलाबदल होते. चिठ्ठीवर "२.५ च्या सहा" असतं, दुकानात २.५ नसते, पोरगं १० ची स्ट्रिप देतं. झाले ६० मिग्रॅ.

धंतोली ओपीडी
हा विषय आहे का इथे? आणि खापर नुसतं डॉक्टरांवर नको. दुकानदार जुन्या चिठ्ठीवर तीन-तीन महिन्यांचं औषध देतात.

इतवारी होलसेल
विषय कमी डोसचाच आहे ना? चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयाने मेथोट्रेक्सेटच्या आठवड्याला १० आणि २५ मिग्रॅची तुलना केली. १२ आठवड्यांत पासी ७५ गाठणारे १० वर ७२ टक्के, २५ वर ९२. त्रास २५ वर जास्त. म्हणजे ज्या गोळीवर डोस कमी ठेवण्याला आपल्याच देशातला आधार आहे, तिचा डोस चुकीने चौपट जातो. चिठ्ठीवर वाराचं नाव मराठीत लिहा: "फक्त रविवारी". चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका. तोंडात फोड आणि ताप आला की त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन तपासा. उतारा फॉलिनिक ॲसिडचा, साध्या फॉलिकने भागत नाही.

त्वचाविभाग निवासी
को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिकही त्यात धरा. लघवीच्या जळजळीला कोणीही लिहून देतं, आणि मेथोट्रेक्सेटसोबत रक्तातल्या पेशी झपाट्याने उतरतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडून क्रिएटिनिन चढलं की नेहमीचा डोसही अंगावर येतो. एप्रिल ते जून रक्ततपासणी पुढे ढकलू नका.

धंतोली ओपीडी
वाराचं नाव मराठीत, हे मान्य. चार आठवड्यांचंही मान्य, लांबच्या रुग्णाला फेरी पडली तरी.

बर्डीचा फार्मासिस्ट
मग माझंही ऐका. जुलाब होत असतील तर २०-२० वर दोन-तीन आठवडे थांबवा, त्याला माझी हरकत नाही. पण तिथेच सोडून देऊ नका. सोळाव्या आठवड्याला पासी कागदावर लिहा. निम्मासुद्धा उतरला नसेल तर ३० करा किंवा औषध बदला, आणि "२० पुरतं" असं रोग्याला सांगू नका.

धंतोली ओपीडी
लिहितो. पण निम्मा उतरला आणि रुग्ण खूश असेल, तर मी ३० करणार नाही. त्यावर तुमचं काय म्हणणं आहे ते आकड्यांसकट सांगा.