खाडीतून वर आलेली महालक्ष्मी : आपल्या घरच्या आठवणी लिहाव्यात

आईची पेटी आवरताना मुंबईच्या महालक्ष्मी मंदिरातला कडा पिवळ्या पडलेला फोटो सापडला आणि आजीची बांधाची कथा आठवली. मुंबई बेट आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरत असे. ते अडवण्यासाठी गव्हर्नर हॉर्नबी यांच्या काळात बांध घालायला घेतला, पण भराव टिकेना. तेव्हा बांधाचे अभियंते रामजी शिवजी प्रभू यांच्या स्वप्नात देवी आली, तिच्या सांगण्यावरून समुद्रातून मूर्ती काढल्या आणि मग बांध उभा राहिला, असे परंपरा सांगते. आजी ‘मूर्ती सापडल्या’ असे कधी म्हणत नसे; ‘आई वर आली’ म्हणे. आपल्याकडे ही कथा कशी सांगतात?

सांजवात : आमच्या सासूबाई मला मुद्दाम रात्री नेत, कारण महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती या तिघींचे मुखवटे मंदिर बंद होण्याआधी थोडा वेळ उतरवतात. नथ, बांगड्या, मोत्यांचे हार हे सारे दिवसा डोळ्यांत भरते. त्या रात्री मूळ रूप दिसताच सासूबाईंनी माझे मनगट घट्ट धरले, आणि दर्शन होईपर्यंत सोडले नाही.

गलबत : देवळाच्या मागच्या भिंतीला नाणे चिकटले तर मनातली इच्छा पुरी होते, असे मानतात. दहावीच्या निकालाआधी तिथे मी चार आण्याचे नाणे अंगठ्याने दाबून धरले होते. दोनदा ते घसरले, तिसऱ्यांदा चिकटले, आणि मी श्वास रोखून मागे सरकलो.

जुनी_मुंबई : कथा मलाही प्रिय आहे, तरी सनांकडे लक्ष द्यावे. हॉर्नबी १७७१ ते १७८४ या काळात गव्हर्नर होते, तर आजचे मंदिर धाकजी दादाजी या व्यापाऱ्यांनी १८३१ मध्ये बांधले. बांध पुरा होताच देऊळ उभे राहिले असे आपण सांगतो, पण मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेली आहेत.

कोळीवाड्याची_लेक : आम्ही वरळीचे. आमची गोल्फादेवी, शिवाय कार्ल्याची एकवीरा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात उतरत नाही. बांधाने शहराला कोरडी जमीन मिळाली, हे सगळे आनंदाने सांगतात; मला मात्र लहानपणापासून वाटत आले आहे, की खिंडार बुजले त्या दिवशी तिथे जाळी टाकणाऱ्यांच्या घरात काय बोलणे झाले असेल, हे कोणीतरी विचारायला हवे होते.

सांजवात : ताई, हे वाचून मी बराच वेळ थांबले. आमच्या घरी कथेतला हा भाग कधीच आला नाही.

धागाकर्ती : आजीच्या कथेतही तो नव्हता. आईचे गुडघे दुखतात, तरी ती रात्रीच्या दर्शनाला यायचे म्हणते आहे. पायऱ्या चढताना तिला मी हा प्रतिसाद वाचून दाखवीन.